एक पूर्णांक दोन

जोस्विनने ती काचेवर ठेवली तेव्हा मला वाटलं
कुणाची तरी आटवायची चांदी.
बोटभर नळी, तळाशी पोलादी कडं,
कड्याच्या दोन अंगांना दोन भोकं,
मोत्याला पाडतात तेवढीच.

"वारो पावना, शेट. इल्लें व्हड करात."

तो जहाजावर असतो, भटारखान्यात, सहा सहा महिने.
ही वस्तू तिकडची. इथे बंदी आहे म्हणाला,
आणि शटरकडे पाहिलं. मीही पाहिलं.
बाहेर शुक्रवारचा बाजार उठत होता,
मयड्याची बाई उरलेली केळी पाटीत भरत होती.
आमच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी विचारलं, वारा वाढवून काय होणार?
धूर थंड येतो, घसा जळत नाही,
चव मात्र थोडी पातळ होते.
जास्त मोठं झालं तर?
मग नुसतीच हवा, शेट.
बुजवता येत नाही.

हे मला माहीत होतं. बुजवता येत नाही
हे आमच्या धंद्याचं पहिलं वाक्य.

म्हटलं, आतली वात काढ, कापूस काढ, बॅटरी लांब ठेव.
तळ सुटा करून चिमट्यात धरला.
एकचं पातं लावलं. हलला नाही.
सोनं हाताचं ऐकतं, पोलाद ऐकत नाही,
त्याला तेलाचा थेंब द्यावा लागतो
आणि घाई न करण्याचं वचन.
मग एक पूर्णांक दोनचं पातं,
जे मी नथीच्या फाशासाठी ठेवलेलं.

कातताना आठवलं, उगाच,
की माझ्या तोंडात चाळीस वर्षं फुंकणी होती.
नाकाने घ्यायचं, गालात साठवायचं,
ज्योत वाकवून डाकावर धरायची,
मध्ये श्वास तुटला तर डाक फुटलाच.
बाबा म्हणायचे, वारा दिसत नाही
म्हणून फुकट समजू नको.
आता गॅसची नळी आहे. कळ फिरवली की झालं.
गाल रिकामेच असतात.

आमचा वारा बाहेर जायचा.
ह्या पोराचा आत जातो.
मी काही बोललो नाही. गिऱ्हाइकाला
दागिना कुठे घालणार हेही आम्ही विचारत नाही.

त्याने जोडून ओढून पाहिलं.
शीळ वाजली.
बारीक, उकळी येण्याआधीच्या किटलीसारखी.
दोघेही दचकलो, मग तो हसला,
मग हसता हसता खोकला.
"ही नको. खाली केबिनमध्ये चौघे झोपतात.
वरच्या बंकवरचा तर कूस बदलली तरी उठतो."

कडेला कोर राहिली होती, केसाएवढी.
वारा तिला घासून ओरडत होता.
परत सुटं केलं, भोकाचं तोंड तिरकं घासलं,
आतून बाहेरून, लाकडी काडीने पुसलं,
साबणाच्या गरम पाण्यात टाकलं.
वाळेपर्यंत तो गप्प बसला.
मग एवढंच म्हणाला, रात्री दोनला ड्युटी सुटते,
वर डेकवर येतो, तिथे वारा इतका असतो
की ओढलेलं दिसतसुद्धा नाही.

दुसऱ्यांदा ओढलं. आवाज नाही.
मान हलवली. पैसे काढले. मी घेतले नाहीत,
पावती कशाची फाडणार?

तो गेल्यावर पाहिलं.
खाली कागद घालायचा राहिला होता.
पोलादाचा कीस थेट पेटीत,
महिन्याभराच्या सोन्याच्या भुकटीत.
चुंबक फिरवला. धरेना.
ह्यांचं पोलादसुद्धा चुंबकाला धरत नाही.

भिंग डोळ्याला लावून बसलो.
पिवळ्यात पांढरं, पिवळ्यात पांढरं,
एकेक कण ओल्या कुंचल्याने उचलायचा
आणि श्वास सोडायचा नाही,
नाहीतर सगळंच उडून जाईल.

नवापर्यंत धरता आला.
पूर्वी तिसापर्यंत धरायचो.